बाजारातला बर्फ कुठे जातो?

छापखान्यात माझा एकच कडक नियम होता. काम चालू असताना किसिवाला काही म्हणजे काही विचारायचं नाही. कारण ती उत्तर देते. कुणी सहज म्हटलं, "काय गं हे ऊन!" की ही दहा वर्षांची चिमुरडी हातातलं खाणं बाजूला ठेवणार आणि थेट सूर्यापासून सुरुवात करणार. मग डापा यंत्र थांबवून ऐकत बसणार. डापा हा माझा यंत्रावरचा माणूस. वयाने माझ्याएवढा, अकलेने तिच्याएवढासुद्धा नाही.

किसिवा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण राजधानीत, अक्राला, कापड विकते, पोर माझ्यापाशी असुक्रोमला असते. आमच्या गावात जिवंत माणसांपेक्षा गेलेल्यांचे फोटो जास्त छापले जातात. मयताच्या पोस्टरांवरच माझी चूल पेटते. हौस म्हणून दर शुक्रवारी चार पानांचा 'असुक्रोम समाचार' काढते. त्याच्या मागच्या पानाकडे कुत्रंही बघत नसे. एकदा जागा रिकामी राहिली म्हणून मी किसिवाची उत्तरं टाकली. गोगलगायीला दात असतात का? असतात, जिभेवर, हजारो. कोंबडीला घाम येतो का? नाही, ती चोच उघडून धापा टाकते. झालं! गाव वेडं झालं. लोक पेपर मागून उघडायला लागले. 'किसिवाला विचारा' म्हणून कुणीही रस्त्यात तिला अडवायचं आणि प्रश्न टाकायचा. पुस्तकात उत्तर मिळालं नाही तर ही बया स्वतः जाऊन बघायची. झाडावर चढायची, विहिरीत वाकायची. माझा जीव टांगणीला, पण पेपर खपत होता, मग मी कशाला अडवतेय!

त्या आठवड्यात मी कुमासीला चुलतभावाच्या मयताला गेले होते. पेपर डापाने छापला. शुक्रवारी सकाळी मी मोटारीतून उतरले, तर स्टँडवर नेहमीचा गलका नाही. मक्याच्या पिठाचे केंके विकणाऱ्या बाईने मला पाहिलं आणि पातेल्यात तोंड घातलं. दोन म्हातारे बोलत होते ते गप्प झाले. मला वाटलं, माझ्या घरी कुणाचं काही झालं की काय.

तेवढ्यात मासेवाली मानू धावत आली आणि माझ्या दंडाला धरून मला टपरीमागे ओढलं.

"आंटी, मी तुमच्या पाया पडते. माझं नाव कशाला टाकलं हो? मी आपलं सहज विचारलं होतं पोरीला. माझे मासे नासतात म्हणून विचारलं. माझी लहान लेकरं आहेत, आंटी!"

"अगं, काय टाकलं? नीट सांग."

तिने पेपर माझ्या हातात कोंबला आणि निघून गेली. मासे तसेच उघडे टाकून. मी मागचं पान काढलं.

'प्रश्न: बाजारात हल्ली बर्फ मिळत नाही. माझे मासे नासतात. सगळा बर्फ कुठे जातो? — मानू, मासेवाली.

उत्तर: मी बर्फाच्या कारखान्यात जाऊन बघितलं. बर्फ रोज बनतो. पण तो सगळाच्या सगळा राजवाड्याच्या मागच्या दाराने आत जातो. बर्फात मांस टिकतं, कारण थंडीत जंतू वाढत नाहीत. म्हणजे राजवाड्यात नासण्यासारखं पुष्कळ मांस असणार. मला वाटतं लवकरच मोठी मेजवानी आहे.'

मी तिथेच एका पेटाऱ्यावर बसले.

आमच्याकडे राजा गेला तर 'गेला' म्हणत नाहीत. आम्ही राजाला नाना म्हणतो; तर नानांना जरा बरं नाही, एवढंच. आत सगळी व्यवस्था होईपर्यंत, पुढचा कोण हे ठरेपर्यंत, महिना लागो की दोन महिने, नानांना जरा बरं नाही. गावाला पोटात माहीत असतं, पण ओठांवर येत नाही. राजवाड्याचा मोठा नगारा वाजायच्या आधी जो कुणी ते बोलून दाखवेल त्याचं काही खरं नाही. पूर्वी डोकं जायचं. आता म्हणे मेंढ्या आणि दारूच्या बाटल्या दंड घेतात. म्हणे! आणि दुसरी गोष्ट तर त्याहून वाईट. राजा एकटा जात नाही. वाटेत पाणी द्यायला, पाय चेपायला, बोलायला त्याला माणसं लागतात. ती माणसं राजवाड्याचे सुरीवाले गाठतात, अशी आमच्या आज्यांनी आम्हाला अंगाई म्हणावी तशी गोष्ट सांगितलेली. आजही राजा गेल्याची कुणकुण लागली की लोक भर दुपारी दारं लावतात. मी शिकलेली बाई आहे. रेडिओ ऐकते, पाद्र्याशी वाद घालते. पण खोटं कशाला बोलू, त्या पेटाऱ्यावर बसून मीही मागे वळून रस्त्यावर कोण येतंय ते बघितलं. नासण्यासारखं पुष्कळ मांस! माझ्या पोरीने आख्ख्या गावाला छापून सांगितलं होतं.

छापखान्यात पोचले तर डापा दात काढून उभा.

"मॅडम, एकही अंक उरला नाही! आणखी छापू?"

"छाप, गाढवा, छाप! माझ्याच मयताचं पोस्टर छाप! तू वाचलं नाहीस काय छापतोयस ते?"

"वाचलं की. मेजवानीचं ना? मला वाटलं आपल्यालाही बोलावतील."

मी चप्पल काढणार होते, पण आतल्या, आमच्या राहत्या खोलीच्या दारात किसिवा उभी होती. गणवेश घातलेला, पण शाळेत गेली नव्हती. चेहरा उतरलेला.

"मावशी, माझं उत्तर चुकलं," ती म्हणाली.

"हो गं बाई, चुकलं. आता—"

"मेजवानी नाहीये. मेजवानीला जनावरं आयत्या वेळी मारतात. आणि तिकडच्या मेंढ्या अजून जिवंत आहेत, मागच्या दाराशी बांधल्यात, मी बघितल्या. म्हणजे बर्फात मेंढ्या नाहीत. मग मी विचार केला, आणि काल मला कळलं, बर्फात—"

मी तिच्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात, की तिचे दात माझ्या तळव्याला लागले.

"एक अक्षर नाही," मी म्हटलं. "एक अक्षर नाही, किसिवा."

तिने माझा हात हळूच बाजूला केला. "पण चुकीचं उत्तर गेलं तर आपण पुढच्या शुक्रवारी दुरुस्ती छापतो ना?"

दुरुस्ती! मी कपाळावर हात मारून घेतला. पिशवी ओढली, तिचे दोन फ्रॉक कोंबले. अक्राची मोटार दुपारी असते. बहिणीच्या पदरात पोर टाकायची आणि सगळं मिटेपर्यंत या गावात परत आणायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात. पिशवीची गाठ मारली आणि दार काळवंडलं.

दारात बोआडी उभा होता.

बोआडी राजवाड्याचा सुरीवाला. सणाच्या दिवशी चित्त्याच्या कातड्याची टोपी घालून, छातीवर सुऱ्यांचा हार लटकवून राजाच्या पुढे चालतो. दाराला डोकं लागेल एवढा उंच. त्या दिवशी टोपी नव्हती, सुऱ्या नव्हत्या. अंगावर नुसतं काळं वस्त्र होतं. त्यानेच मला जास्त घाम फुटला.

"राजमातेने बोलावलंय," तो म्हणाला. "तुम्हाला. आणि हिला."

"आम्ही गावाला निघालोय," मी म्हटलं.

त्याने पिशवीकडे बघितलं, मग किसिवाकडे. "आधी राजवाडा," एवढंच म्हणाला. मी मदतीला मागे वळले तर डापा टेबलाखाली गेला होता. त्याचे पाय दिसत होते.

आम्ही निघालो. बोआडी पुढे, आम्ही मागे. वाटेवरची माणसं बाजूला होत होती, बायका पोरांना आत ओढत होत्या. मी किसिवाचा हात घट्ट धरला आणि कुजबुजत तिला पढवायला लागले.

"विचारलं तर काय सांगायचं? मेजवानी."

"पण ते चूक आहे."

"असू दे चूक. तुला तुझ्या आईची शपथ आहे."

"शपथ घातली म्हणून उत्तर बदलत नाही, मावशी."

"मग गप्प बस! दातखीळ बसली म्हणून समज! तुझ्या मेंदूला एक दिवस सुट्टी दे गं बाई!"

ती बोआडीच्या पाठीकडे बघत चालली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "मावशी, ते माझं डोकं कापतील?"

जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारी माझी पोर मला प्रश्न विचारत होती. मी चालता चालता तिच्या गणवेशाची कॉलर नीट केली. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझा हात दोन्ही हातांनी धरला.

राजवाड्याच्या दारात आम्ही चपला काढल्या. चौकात म्हातारे सरदार बसले होते, सगळे गडद वस्त्रांत. मधली मोठी खुर्ची रिकामी होती आणि राजाची छत्री भिंतीला मिटून टेकवलेली होती. हवेत ओल्या भुशाचा वास होता. बर्फ भुशातच बांधून आणतात. आतल्या एका बंद दाराखालून पाण्याची बारीक धार चौकात येत होती आणि फरशीवरून वाहत मोरीकडे जात होती. येणारा जाणारा जो तो त्या धारेकडे बघायचा, पाय उचलून पलीकडे टाकायचा आणि काही बघितलंच नाही असं तोंड करायचा. मला तिथून पळून जायचं होतं, पण मागे बोआडी होता.

राजमाता बाजूच्या आसनावर बसली होती. नावाला राजमाता, पण राजाची सख्खी बहीण; आमच्याकडे हा मान बहिणीलाही मिळतो. सत्तरीची, काठीसारखी ताठ. तिच्याशी थेट बोलायचं नसतं. मध्ये ओकियामे असतो, हातात दंड घेतलेला. ती त्याला सांगणार, तो आम्हाला सांगणार, आमचं उत्तर तो परत तिला सांगणार. एकेका वाक्याला एवढा वेळ, की माणूस मधल्या मधे भीतीने वाळून जावा.

"राजमाता विचारतात," ओकियामे म्हणाला, "हे तू लिहिलंस?"

"हो," किसिवा म्हणाली.

"कुणी लिहायला लावलं? कुठल्या घराण्याच्या माणसाने खाऊ दिला?"

"खाऊ नाही दिला. मानूने विचारलं. तिचे मासे नासत होते."

एक टक्कल पडलेला सरदार खेकसला, "एवढीशी पोर हे आपल्या मनाने लिहिते? हिच्यामागे कुणीतरी आहे. माझं ऐका. सगळं उरकेपर्यंत हिला इथेच ठेवून घ्या."

दोघातिघांनी माना डोलावल्या. सगळं उरकेपर्यंत! मी गुडघ्यांवर पडले. "लहान आहे हो! चूक माझी आहे, पेपर माझा आहे. मेंढ्या सांगा, बाटल्या सांगा, छापखाना घ्या, मला ठेवून घ्या. ही दुसऱ्याची ठेव आहे माझ्याकडे, मी बहिणीला काय तोंड दाखवू?"

"बाईंना गप्प बसायला सांगा," टकला म्हणाला.

ओकियामेने दंड जमिनीवर टेकवला. "राजमाता विचारतात, तू लिहिलंस की मेजवानी आहे. ते बरोबर आहे?"

मी किसिवाचा हात असा दाबला की तिची बोटं चुरगळली असतील. मेजवानी म्हण. फक्त हो म्हण. एकदा, एकदाच खोटं बोल माझ्या राणी.

"नाही," किसिवा म्हणाली. "ते चुकलं."

बाहेर मेंढी ओरडली.

"मग बरोबर काय आहे?" ओकियामेने विचारलं. या वेळी त्याने राजमातेकडे बघितलंसुद्धा नाही.

किसिवा रडवेली झाली होती. "ते मी इथे नाही सांगणार."

"का?"

"त्यांना रडू येईल." आणि तिने बोट दाखवलं, सरळ राजमातेकडे, तेही डाव्या हाताने, कारण उजवा मी पकडून ठेवला होता. आमच्याकडे डावा हात भिकाऱ्यालाही दाखवत नाहीत. संपलं, मी मनात म्हटलं. आता संपलं.

सरदार उठायला लागले. राजमातेने एक हात वर केला आणि ते जिथल्या तिथे थांबले. मग ती स्वतः बोलली. ओकियामे बाजूला राहिला.

"इकडे बघ, पोरी. मला रडू येईल असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ते पाणी येतंय ना, ते सगळे बघतात. बघून पाय उचलतात. तुम्ही एकट्याच बघत नाही. आम्ही आल्यापासून एकदाही बघितलं नाही."

राजमाता तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली, अगदी हळू, आणि त्या पाण्याच्या धारेकडे बघितलं. बघितलं ते बघतच राहिली. तिचे खांदे हलले. इतके दिवस ती बाई गावासमोर कोरड्या चेहऱ्याने बसत होती, जेवत होती, नानांना जरा बरं नाही म्हणून सांगत होती. आता तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. तिने डोक्यावरचं वस्त्र ओढून टाकलं आणि भावाला हाक मारली. नावाने. लहानपणीच्या नावाने.

सख्ख्या बहिणीने हंबरडा फोडला म्हणजे सगळं झालं. त्यानंतर कुणालाच काही झाकता येत नाही. सरदार एकमेकांकडे बघत राहिले. टकला "थांबा, थांबा" करत होता आणि एक म्हातारा नगाऱ्याकडे धावला होता. बायका आतून बाहेर आल्या आणि सगळा चौक रडायला लागला.

त्या गोंधळात ओकियामे बोआडीला म्हणाला, "हिला घेऊन जा."

बोआडीने किसिवाचा दुसरा हात धरला.

"कुठे?" मी ओरडले. "कुठे घेऊन जा?" पण माझं कोण ऐकतंय! तो तिला बाजूच्या दाराने घेऊन चालला आणि मी दुसऱ्या हाताला लोंबकळत मागे. अरुंद बोळ होता, भिंतीला मेंढ्या बांधलेल्या, एका दगडावर सुऱ्या पुसून मांडून ठेवलेल्या. त्या सुऱ्या बघितल्या आणि माझं भान सुटलं. मी त्याच्या पाठीवर गुद्दे मारले, शिव्या दिल्या, त्याच्या बापाचा उद्धार केला. तो वळलासुद्धा नाही. किसिवाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं.

बोळ संपला आणि आम्ही रस्त्यावर आलो. त्याच क्षणी मोठा नगारा वाजला. जमिनीतून वाजल्यासारखा तो पायांत शिरतो. एकेक करून दारं आपटायला लागली. केंकेवाली पातेलं तिथेच सोडून पळाली. बघता बघता सगळा रस्ता ओस पडला. भर दुपारची वेळ, आणि रस्त्यावर आम्ही तिघंच.

बोआडी डावीकडे वळला. छापखान्याकडे.

"तू... आम्हाला घरी सोडतोयस?" माझा श्वास लागला होता.

"मग काय करतोय? नगारा वाजल्यावर बाईमाणसाने लेकरू घेऊन एकटं रस्त्यात असू नये. लोक भितात."

"कुणाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "मला," तो म्हणाला.

छापखान्याचं दार आतून बंद होतं. मी दोन्ही हातांनी बडवलं. "डापा, उघड!"

"मॅडम, तुम्ही एकट्या आहात का?"

"उघड रे, माकडा!"

"नाही, म्हणजे... बरोबर कोण आहे?"

"मी आहे," बोआडी म्हणाला. आतून टेबल सरकवून दाराला लावल्याचा आवाज आला. शेजारच्या दारांवर थापा मारल्या. वीस वर्षांपासूनचे शेजारी माझे, एकानेही कडी काढली नाही.

"माझ्याकडे चला," बोआडी म्हणाला. "इथे उभं राहू नका."

सुरीवाल्याच्या घरी! राजा गेल्याच्या दिवशी! मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तेव्हा किसिवाने नाक पुसलं आणि मान वर करून विचारलं, "काका, तुम्ही माणसांची डोकी कापता?"

"किसिवा!"

"मेंढ्यांची कापतो," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता. "माझा बापही मेंढ्यांचीच कापायचा. आजोबांचं मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही."

तो थोडा घुटमळला. एवढा थोरला माणूस, पण हाताचं काय करावं ते त्याला कळेना.

"तू पेपरात उत्तरं देतेस ना? मी एक विचारतो. छापू नको पण. माझी एक मुलगी आहे, अडोमा. आई नाही तिला. मी घरी गेलो की ती खाटेखाली जाते. माझ्या हातचं खात नाही. शेजारीण भरवते. असं का?"

किसिवाने विचार केला. खरं म्हणजे विचार करायची गरज नव्हती, उत्तर मलाही माहीत होतं. पण तिने केला.

"मला तिला विचारावं लागेल," ती म्हणाली. "ती आता कुठे आहे?"

"नगारा वाजतोय. म्हणजे खाटेखाली."

"मग चला."

आणि ती निघालीसुद्धा. त्याच माणसाचा हात धरून. मी काय करणार! आणखी कुठलं दार माझ्यासाठी उघडं होतं? प्रत्येक पावलाला वाटत होतं, बाई, शुद्धीवर ये, मागे फिर. पण पोर पुढे होती.

त्याचं घर म्हणजे एक खोली. दार नुसतं लोटलेलं. बोआडी उंबऱ्याबाहेरच थांबला. स्वतःच्या घरात शिरायला तो माणूस भीत होता. किसिवा आत गेली, जमिनीवर पालथी झाली आणि सरकत खाटेखाली गेली. मला तिचे धुळीने माखलेले तळवे दिसत होते, आणि त्यांच्या पलीकडे आणखी दोन, खूपच लहान. नगारा वाजतच होता. खाटेखाली कुजबुज चालली होती.

मग किसिवाचा आवाज आला. "काका, ती विचारतेय, आज कुणाचं?"

बोआडी खाली बसला. उंबऱ्याबाहेर मातीत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मेंढीचं. तिला सांग, मेंढीचं."

कुजबुज. "ती विचारतेय, आणि माणसाचं कधी?"

"कधीच नाही," तो म्हणाला. "कधीच नाही गं बाळा. कुणाचंच नाही."

कुजबुज. या वेळी बराच वेळ. "ती म्हणतेय, मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?"

त्याने हाताने उंबऱ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "मला वाटलं, तिला माहीत असेल."

रस्त्यावर कुठेतरी आणखी एक दार आपटलं. बोआडी मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या नाकावरून थेंब मातीत पडत होते. मी त्याच्या शेजारी उभी होते, आणि अजूनही मला त्याची भीती वाटत होती.

"काका," किसिवाने हाक मारली. "ती म्हणतेय, तिला बाहेरची भीती वाटते. बाबांना सांग, आत या आणि दार लावून घ्या."

तो वाकून आत गेला. त्याच्यामागून मी आत शिरले, आणि दार मीच लावलं.